सहाची नाडी पहाटे चारला

प्रति,
महाराष्ट्रातील लहान-मोठ्या खासगी रुग्णालयांचे मालक-डॉक्टर आणि संचालक यांस,



तुमची-माझी ओळख नाही. मी चौतीस वर्षं सरकारी रुग्णालयांत नोकरी केली. अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर काही वर्षं मुलींना शिकवलं. आता घरी असते. हे पत्र लिहायला बसले ते एका रात्रीमुळे.

माझ्या थोरल्या दिरांना, आमच्या दादांना, न्यूमोनिया झाला म्हणून तालुक्याच्या गावी एका बावीस खाटांच्या रुग्णालयात ठेवलं होतं. वय चौऱ्याहत्तर. रात्री सोबतीला मी होते. नातेवाइकांच्या स्टुलावर बसून वॉर्ड कसा दिसतो, ते मला पहिल्यांदाच कळलं. पहाटे चारच्या सुमारास ड्युटीवरची मुलगी टेबलाशी बसून टीपीआर चार्ट भरत होती. मी सहज डोकावले. सहा वाजताचा रकाना भरणं चालू होतं. ताप, नाडी, श्वास. श्वासाच्या रांगेत वरपासून खालपर्यंत बावीस वेळा वीस. "सहा वाजले का गं?" मी विचारलं. ती दचकली नाही, लाजलीही नाही. "सहाला कुठला वेळ काकू? तेव्हा रक्त काढायचं, बेड करायचे, मग सरांचा राऊंड."

तुमच्याच रुग्णालयातली ही गोष्ट असेल असं मी म्हणत नाही. पण वाचताना "आपल्याकडे असं नाही" असं पटकन म्हणता आलं नसेल, तर पुढचं तुमच्यासाठीच आहे.

पहिलं गाऱ्हाणं 'सिस्टर' या शब्दाबद्दल. त्या मुलीला मी विचारलं, जीएनएम कुठून केलंस? ती म्हणाली, "नाही काकू, बारावी झालीय. इथंच शिकले." तीन वर्षांत ती इंजेक्शन द्यायला शिकली, सलाईन लावायला शिकली, कॅथेटरसुद्धा घालायला शिकली. हात तिचा खरंच हलका आहे. पण औषध का द्यायचं, कधी थांबवायचं आणि कशाला घाबरायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. अंगावर पांढरा एप्रन, तोंडावर मास्क, आणि तुम्ही-आम्ही सगळे तिला सिस्टर म्हणतो.

दिल्लीतल्या स्प्रिंग मेडोज रुग्णालयाचा खटला तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. टायफॉइड झालेलं लहान मूल. डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉल लिहिलं होतं. नर्सने ते क्लोरोक्विन असं वाचलं, वडिलांना ते इंजेक्शन बाहेरून आणायला सांगितलं आणि शिरेतून दिलं. मूल तिथल्या तिथे कोसळलं, हृदय बंद पडलं. जीव वाचला, पण मेंदू कायमचा गेला. चौकशीत निघालं की त्या नर्सची कुठल्याच राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंद नव्हती. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मनस्तापासाठी वेगळे पाच लाख देण्याचा निर्णय कायम ठेवला. या चुकीची जबाबदारी रुग्णालयावर आणि डॉक्टरांवरही आली, कारण जे काम स्वतः करायचं किंवा जाणत्या हाताकडे द्यायचं, ते त्यांनी भलतीकडे सोपवलं होतं. या गोष्टीला पंचवीसहून अधिक वर्षं होऊन गेली. आपल्याकडे अजून "इथंच शिकले" चालू आहे.

म्हणून पहिली विनंती. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी ज्या मुलीकडे आहे, तिलाच सिस्टर म्हणा. तिचं नाव आणि नोंदणी क्रमांक छातीवरच्या बिल्ल्यावर छापा. बाकीच्या मुलींना मदतनीस म्हणा, मदतनिसाचा वेगळ्या रंगाचा गणवेश द्या आणि त्यांच्या हाती सिरिंज देऊ नका. त्यांना अंघोळ घालू दे, भरवू दे, कूस बदलू दे. हे काम हलकं नाही, पण त्यात चूक झाली तर ती सुधारायला वेळ मिळतो. शिरेत गेलेलं औषध परत काढता येत नाही.

दुसरं गाऱ्हाणं औषधांच्या ट्रेचं. त्या रात्री मी ट्रे पाहिला. पाण्याचे अँप्युल, सलाईनचे अँप्युल आणि त्यांच्यातच पोटॅशियम क्लोराईडचे दोन. आकार तोच, प्लास्टिक तेच, रंग सगळ्यांचा पाण्यासारखा. दहा मिलीच्या त्या अँप्युलमध्ये वीस मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. बाटलीत मिसळून, ठिबक मोजून, सावकाश द्यायचं औषध आहे ते. तेच कुणी 'फ्लश' समजून सरळ शिरेत ढकललं तर हृदय थांबतं आणि पुन्हा सुरू करायला फारशी संधी उरत नाही. रात्री तीन वाजता, अर्ध्या उजेडात, झोपेने जड डोळ्यांनी ती मुलगी त्या ट्रेमध्ये हात घालते.

इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडे मिलीला चाळीस युनिटची व्हायल मिळते आणि शंभर युनिटचीही. लाल टोपीची सिरिंज चाळीसची, केशरी टोपीची शंभरची. शंभरचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने त्याच रेघेपर्यंत भरलं तर रुग्णाला अडीचपट डोस जातो. हे तिला कुणी सांगितलं असेल का? मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, स्टोअरमधून येईल ती सिरिंज वापरतो.

आणि फोनवरच्या ऑर्डरी. सर घरी असतात, पोरगी फोन करते, सर झोपेतून "सात युनिट दे" म्हणतात. फोनवर सात आणि साठ यांच्यात किती अंतर राहतं, ते तुम्हीच एकदा बोलून बघा. वर कागदावर कुणी आकड्याला चिकटून इंग्रजी यू लिहिला की साताचे सत्तर व्हायला तेवढंच निमित्त पुरतं.

दुसरी विनंती खर्चाची नाही. पोटॅशियम क्लोराईड ट्रेमधून काढा आणि लाल पट्टी लावून कुलपात ठेवा. इन्सुलिन एकाच शक्तीचं मागवा आणि सिरिंजही त्याच रंगाची. फोनवर ऑर्डर दिलीत तर ती लिहून घेऊन तुम्हाला परत वाचून दाखवायची मुलीला मुभा द्या, "कळलं ना एकदा?" असं खेकसू नका. आणि सकाळी राऊंडला आलात की त्या ऑर्डरीवर सही करा. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच शब्द आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलींकडून घोकून घेतो. पण ट्रेच चुकीचा असेल तर घोकंपट्टी कुठवर तारणार?

तिसरं गाऱ्हाणं संख्येचं, आणि तिथे मला गणित मांडायचं आहे. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स आणि इतर सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक असं आहे. अतिदक्षता विभागात एकास एक. त्या रात्री बावीस रुग्णांमागे ती एकटी होती, सोबतीला एक मावशी. समजा बावीसातले सहाजण स्वतःहून कूस बदलू शकत नाहीत. त्यांना दर दोन तासांनी वळवायचं, पाठ पाहायची, चादर ओढून सरळ करायची. एका रुग्णाला दोघींनी मिळून दहा मिनिटं धरा. रात्री आठ ते सकाळी आठ, सहा फेऱ्या, सहा रुग्ण. नुसत्या कूस बदलण्यात सहा तास जातात. म्हणजे अर्धी रात्र. उरलेल्या अर्ध्या रात्रीत बावीस जणांची औषधं, सलाईनी, नवे दाखल होणारे, कुणाला चढवायचं रक्त. आणि रक्त सुरू केल्यावर पहिली पंधरा मिनिटं त्या खाटेशी उभं राहायचं असतं, कारण रिअॅक्शन यायची तर बहुतेक तेव्हाच येते. मग बेडसोअर झाला की नातेवाईक तिच्यावर ओरडतात, आणि तुम्हीही.

मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. बेचाळीस वर्षं. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या परिचारिकांचं कौतुक केलं, कारण इतक्या वर्षांत अरुणांना एकही बेडसोअर झाला नव्हता. लोक त्याला माया म्हणतात, आणि माया होतीच. पण मला त्यात दर काही तासांनी वळवणारे हात दिसतात. पिढ्या बदलल्या, तरी ड्युटीवर कोणीतरी होतं. एकट्या मुलीच्या मायेने बावीस पाठी वाचत नाहीत.

तिसरी विनंती एवढीच, की परिषदेचा आकडा आज झेपत नसेल तर निदान खरा आकडा मान्य करा. रात्री किती नर्स, किती रुग्ण, हे रोज फळ्यावर लिहा, नातेवाइकांना दिसेल असं. आणि अवघड रुग्ण घेण्याआधी त्या फळ्याकडे बघा. खाट रिकामी असली तरी हात रिकामे असतीलच असं नाही.

आता कागदाबद्दल. आमच्या धंद्यात एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं: लिहिलं नाही ते केलं नाही. त्याचा उलटा अर्थ मात्र कोणी शिकवत नाही. केलं नाही ते लिहिलं, तर तो खोटा पुरावा होतो. पहाटे चारला लिहिलेली सहाची नाडी तशीच. दुर्दैवाने पाच वाजता त्यांतला एखादा रुग्ण गेला असता, तर मेलेल्या माणसाची सहाची नाडी चार्टवर राहिली असती. उलटतपासणीत वकिलाला याहून काय हवं?

आणि चूक झाल्यावर काय होतं, ते मी पाहिलं आहे. निवृत्तीनंतर काही दिवस एका ठिकाणी मी मदतीला जात होते. तिथे एक रुग्ण अचानक गेला. तासाभरात मला निरोप आला, "सिस्टर, नोट्स जरा नीट लिहून घ्या. जुना कागद काढून टाका." मी लिहिलं नाही आणि दुसऱ्या दिवसापासून गेलेही नाही. मला पेन्शन होती, म्हणून ते परवडलं. त्या रात्रीच्या मुलीला परवडलं नसतं. तिने लिहिलं असतं, आणि त्या नव्या कागदावर सही तिची असती, तुमची नाही. म्हणून चौथी विनंती: कागद बदलायला कुणालाही सांगू नका. खाडाखोड करायचीच असेल तर एक रेघ मारून, खाली वेळ आणि सही. जुनं अक्षर वाचता आलं पाहिजे.

सहीचा विषय निघालाच आहे तर कायद्याचं बोलते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या दंड संहितेत कलम ३०४ अ होतं. निष्काळजीपणाने कुणाचा मृत्यू झाला तर डॉक्टर असो, नर्स असो, जास्तीत जास्त दोन वर्षं. नव्या संहितेच्या कलम १०६ मध्ये ही शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. मात्र नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना असं झालं, तर ती दोन वर्षांपर्यंतच ठेवली आहे. आणि हा व्यावसायिक कोण, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिलं आहे: राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याखालची पदवी आणि त्याखालच्या नोंदवहीत नाव. आमची नावं त्या नोंदवहीत नसतात. म्हणजे एकाच खाटेपाशी, एकाच औषधाने, एकाच रात्री झालेल्या मृत्यूबद्दल तुम्हाला दोन वर्षांपर्यंत आणि त्या मुलीला पाच वर्षांपर्यंत. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्या, सरसकट अटक करू नका. ते संरक्षण योग्यच आहे. पण चौकीवर "सिस्टर" बसलेली असते तेव्हा तिच्या बाजूने हा निकाल कोण वाचून दाखवतं?

अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अतिदक्षता विभागाला आग लागली. अकरा रुग्ण गेले. पुढच्या काही दिवसांत पोलिसांनी अटक केली त्यांत एक वैद्यकीय अधिकारी होत्या आणि तीन परिचारिका. कोण दोषी, हे ठरवणारी मी नाही, ते न्यायालयाचं काम. पण आग लागल्यावर वॉर्डात असलेलं माणूस पहिलं सापडतं, आणि वॉर्डात नेहमी आम्हीच असतो. म्हणून विचारते, तुमच्या मुलींना अग्निशामक नळकांड्याची पिन काढता येते का? ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते माहीत आहे का? की ती खोली फक्त मेंटेनन्सवाल्याच्या किल्लीने उघडते?

पाचवी विनंती: तुम्ही स्वतःसाठी व्यावसायिक विमा काढता, त्यात तुमच्या नोंदणीकृत नर्सेसची नावं घाला. पोलिसांत जबाब द्यायची वेळ आली तर रुग्णालयाचा वकील तिच्याही बाजूला बसू दे. आणि दोष तिच्यावर ढकलून स्वतः मोकळं होण्यासाठी त्या वकिलाला वापरू नका. ग्राहक न्यायालयात नर्सच्या चुकीची नुकसानभरपाई बहुधा रुग्णालयालाच द्यावी लागते, हे तुमच्या वकिलांनी सांगितलं असेलच.

आता थोडं आमच्याबद्दलही, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं" हे उत्तर आम्ही फार वर्षं दिलं. ते पुरत नाही. ऑर्डर चुकीची वाटली तर विचारायचं, पुन्हा विचारायचं, तरी शंका राहिली तर देऊ नये आणि का दिलं नाही ते लिहावं, हा आमच्या ज्ञानाचाच भाग आहे. तो आमच्यातल्या कित्येकींनी वापरला नाही. काहींनी भीतीने, काहींनी आळसाने.

मीही चुकले आहे. नोकरीचं दुसरं वर्ष, चाळीस खाटांचा स्त्रियांचा वॉर्ड. दोन शांताबाई, आडनावही तेच. एकीची लॅसिक्स मी दुसरीला दिली. बिचारी रात्रभर लघवीच्या वाऱ्या करत होती. मला कळलं तेव्हा पाय लटपटले. आमच्या परिसेविका बाई माझ्यावर ओरडल्या नाहीत. आधी त्यांनी मला स्वतः डॉक्टरांना सांगायला लावलं, मग त्या शांताबाईंना. "बाई, माझी चूक झाली," असं म्हणताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर त्याच मला म्हणाल्या, "असू दे पोरी, अंगातलं पाणी गेलं." सकाळपर्यंत दर अर्ध्या तासाने मी त्यांचं बीपी घेत बसले. दुसऱ्या दिवशी बाईंनी बेडकार्डावर प्रत्येकीच्या नावाखाली गाव लिहायला लावलं. एक वडूजची, एक दहिवडीची. त्या वॉर्डात तशी चूक पुन्हा झाल्याचं मला आठवत नाही. मला मेमो दिला असता, पगार कापला असता, तर पुढची चूक मी लपवली असती हे मी आज शपथेवर सांगेन. शेवटची विनंती तीच: चूक स्वतःहून सांगणाऱ्या मुलीचा पगार कापू नका. तिने सांगितलं म्हणून तुम्हाला बेडकार्ड बदलता येतं.

त्या रात्रीचं उरलेलं सांगते. चार्ट बघून झाल्यावर मी तिला म्हणाले, चल, दादांचा श्वास मोजू. ती म्हणाली, मीटरवर ऑक्सिजन ठीक आहे ना. होता, नळी लावलेली होती म्हणून. माझ्या हातातलं घड्याळ काढून तिला दिलं. हात त्यांच्या मनगटावर ठेव, म्हणजे त्यांना वाटेल तू नाडी बघतेस, आणि नजर छातीवर. पूर्ण एक मिनिट. पहिल्यांदा तिचा हिशेब चुकला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "बत्तीस." मग स्वतःच चार्टवरच्या वीसकडे बघितलं. बराच वेळ बोलली नाही. मग सरांना फोन लावला. सर आधी चिडले, मग आले. पहाटे साडेपाचला दादांना जिल्ह्याच्या ठिकाणी हलवायचं ठरलं.

वीसवर रेघ मारून तिने खाली बत्तीस लिहिलं, चार वाजून वीस मिनिटं अशी खरी वेळ टाकली, आणि सही केली. अशी सही करायला शिकलेल्या मुलीला तुम्ही तिथेच अडकवून ठेवू नका, एवढंच मागते. नर्सिंगचा एएनएम अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. तिची फी भरा, परतल्यावर नोकरी राखून ठेवा. तुमच्या रुग्णालयाच्या जाहिरातीवर याहून जास्त खर्च होत असेल.

आपली,
एक निवृत्त परिसेविका

ता. क. दादा आता घरी आहेत, पायऱ्या चढताना थांबतात. परवा त्या मुलीचा फोन आला होता. सेकंदकाट्याचं घड्याळ कुठे मिळतं, एवढंच विचारत होती.